सिस्टर, यंदाचा डिसेंबर सातवीला थोडा सैल सोडा

प्रति,
माननीय मुख्याध्यापिका सिस्टर, व्यवस्थापक फादर, सातवीला शिकवणारे सर आणि मिस, तसेच पालक-शिक्षक संघाचे सगळे सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा भरली आणि त्याच आठवड्यात माझ्या दुकानात चार्ट पेपरची विचारपूस सुरू झाली. डिसेंबर आला म्हणायचा. शाळेच्या फाटकासमोर झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान असलं की आत काय शिजतंय ते पालकसभेत बसणाऱ्यांच्या आधी कळतं. डिंक, चमकी, सोनेरी कागद, रंगीत प्रिंट. कोणत्या वर्गाला कोणत्या मिसनं काय आणायला सांगितलं, हे मी गल्ल्यावर बसल्या बसल्या सांगू शकतो. शिवाय माझी धाकटी यंदा सातवीत आहे आणि थोरला दोन वर्षांपूर्वी याच वर्गातून पुढे गेला. त्यामुळे हा महिना मी घरातूनही पाहिला आहे आणि दुकानातूनही.

शाळेचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वऱ्हाडात, तिकडे नागपूर-चांद्याकडे, तालुक्याच्या गावांमध्ये फादर-सिस्टरांच्या ज्या शाळा आहेत तिथले पालक भेटले की बोलणं याच वळणावर येतं. म्हणून पत्र खुलं ठेवलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे गैरसमज नको. मी शाळेवर नाराज असलेल्यांपैकी नाही. आमच्या भागात या लोकांचं काम जुनं आहे. अमरावतीचा कॅथलिक धर्मप्रांतच 1955 सालचा, आणि नागपूरच्या मिशनऱ्यांचं काम त्याच्याही कितीतरी आधीचं. माझ्या मुलीच्या वर्गात ख्रिस्ती मुलं बोटावर मोजण्याइतकी. बाकी कुणबी, माळी, बौद्ध, मुस्लिम, बंजारा, गोंड, सगळ्या घरांतली पोरं एका बाकावर बसतात आणि कुणाला कुणाचं काही वाटत नाही. मुलगी आजारी पडली तेव्हा सिस्टर स्वतः घरी येऊन बसल्या होत्या. हे विसरणारा मी माणूस नाही. म्हणूनच जे बोलायचं ते पाठीमागे चहाच्या टपरीवर न बोलता समोर लिहितो आहे.

आता डिसेंबर एकदा सलग मांडतो, कारण सलग तो कुणीच पाहत नाही. पी.टी.च्या सरांना स्पोर्ट्स डे दिसतो, सायन्सच्या मिसला विज्ञान प्रदर्शन दिसतं, संगीताच्या सरांना कॅरल म्हणजे नाताळची गाणी दिसतात, क्लास टीचरला युनिट टेस्ट दिसते. पूर्ण महिना फक्त सातवीतल्या पोराच्या डायरीत उतरतो. महिना लागतो तोच मार्च पास्टच्या सरावानं. 6 तारखेला महापरिनिर्वाण दिन, त्याची भाषणं पाठ करायची. लगेच स्पोर्ट्स डे. तो होत नाही तोवर तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचं मॉडेल, त्याच्याबरोबर प्रोजेक्टच्या फायली, एक इंग्रजीची, एक भूगोलाची, एक पर्यावरणाची. 20 तारखेला गाडगेबाबांची पुण्यतिथी. बाबांनी 1956 साली आमच्याच अमरावती जिल्ह्यात देह ठेवला, तेव्हा त्या दिवशी झाडू हातात घेऊ नका असं मी तरी म्हणणार नाही. 22 ला रामानुजन यांच्या जन्मदिनाचा गणित दिवस, त्याचे तक्ते. मध्येच गॅदरिंग. गॅदरिंगच्या आधी तिचा सराव, सरावाच्या आधी ड्रेसची मापं. या सगळ्याच्या पोटात युनिट टेस्ट. मग गव्हाणी म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, ताऱ्यांचे कंदील, नाताळचा कार्यक्रम, कॅरल. आणि सुट्टी लागली की 'हॉलिडे होमवर्क'ची दोन पानांची यादी, जिची झेरॉक्स अर्थातच माझ्याकडे.

यातलं एकेक वेगळं काढून दाखवलं तर एकही वाईट नाही. अडचण अशी, की हे सगळं एकाच वर्गाच्या अंगावर येतं.

सातवीच का, याचा मी बराच विचार केला. पाचवी-सहावी लहान, त्यांच्याकडून स्टेजवर गडबड होते. आठवीपासून 'आता पाया पक्का करा' असं घरचे म्हणतात, शाळाही म्हणते. नववी-दहावीला बोर्डाचं नाव पुढे केलं की कुणी बोलवत नाही. मग खुर्च्या लावायला कोण? सातवी. पाहुण्यांना गुलाबाचं फूल द्यायला, रांगा सांभाळायला, लहान वर्गाच्या नाचात मागे झाड होऊन उभं राहायला, नाताळच्या नाटकात मेंढपाळ व्हायला, सातवी. आमच्याकडे गुढीपाडव्याला सालदार ठरतो आणि मग वर्षभर गोठ्यातलं, घरातलं, शेतातलं, सापडेल ते काम त्याचंच असतं. शाळेनं सातवीला सालदार करून ठेवलं आहे. फरक इतकाच की सालदाराला निदान आधी बोली करून, विचारून ठेवतात.

प्रोजेक्टचं जरा सविस्तर सांगतो, कारण तो माझ्या धंद्याचाच विषय आहे. शाळा सुटली की पोरं दुकानावर तुटून पडतात. मागच्या वर्षी असाच एक मुलगा आला. गाव इथून लांब, डोळा सारखा एस.टी. स्टँडकडे. म्हणाला, "काका, वॉटर पोल्युशनचे आठ पानं काढून द्या ना, कलरमधी."

म्हटलं, "कोणते आठ?"

"कोनतेबी. पहिल्या पानावर माह्यं नाव टाका."

मी काढून दिले. त्याच्या आधीच्या पोराला दिलेलेच दिले, कारण कॉम्प्युटरवर ती फाईल उघडीच होती. तो पानं चाळायला लागला तेव्हा विचारलं, आतलं वाचणार कधी? तर म्हणाला, "वाचा नाई लागत काका, मिस जाडी पाहते."

मी हसलो. पण पैसे घेताना हसू आवरलं. त्यानं चुरगळलेल्या दहाच्या नोटा एकेक करून सरळ करत काउंटरवर ठेवल्या. रंगीत प्रिंट माझ्याकडे दहा रुपयांची आहे. त्याची आई कापूस वेचायला जाते हे मला ठाऊक आहे, आणि एक किलो कापूस वेचला की बाईच्या हातात जेमतेम तेवढेच पडतात. किलोभर कापूस म्हणजे किती बोंडं, किती वेळा वाकणं, हे ज्यानं कधी कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीत पाय ठेवला आहे त्याला विचारा. त्या आठ पानांत पाणी कुठलं होतं? गंगेचं, यमुनेचं. फोटो सगळे दिल्लीकडचे, फेसाच्या नदीचे. ज्या नाल्याच्या काठानं तो रोज स्टँडवर चालत येतो, ज्यात फवारणीचे पंप धुतात, त्याचं त्यात नाव नव्हतं. मिसनं त्यावर लाल शाईनं 'गुड' लिहिलं. ती फाईलही पुढे रद्दीत माझ्याच दुकानात आली, तिच्या कोऱ्या बाजू मी अजून बिलांना वापरतो.

हे लिहून मी माझ्याच पोटावर पाय देतो आहे, असं बायकोनं सकाळी ऐकवलं. खरं आहे. डिसेंबरचा गल्ला माझ्या दोन महिन्यांचं भाडं काढतो. तरी सांगतो, प्रोजेक्ट विकत घेता येतील असे देऊ नका. आठ छापील पानांऐवजी हातानं लिहिलेलं एक पान मागा. घरातल्या विहिरीचं पाणी, नळाचं पाणी आणि नाल्याचं पाणी तीन काचेच्या बाटल्यांत भरून रात्रभर ठेवा, सकाळी तळाशी काय बसलं ते लिहा. यात माझी एक पैचीही विक्री होत नाही. होऊ नये.

विज्ञान प्रदर्शनाचंही तेच. ज्वालामुखी मी इतके पाहिले आहेत की आता खायचा सोडा आणि व्हिनेगर मागणारं पोर दिसलं की मीच सांगतो, लाल रंग थोडा जास्त टाक. विदर्भात ज्वालामुखी कुणाच्या शेतात आहे? गुलाबी बोंडअळी मात्र सगळ्यांच्या शेतात आहे. कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगांना ओढून घेणारा सापळा, कित्येकांच्या शेतात टांगलेला असतो. पोरानं रोज सकाळी त्यातले पतंग मोजून वहीत मांडावेत. सलग तीन दिवस सापळ्यामागे रोज आठ पतंग आले तर नुकसानीची पातळी गाठली, हे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेपासून गावच्या कृषी सहायकापर्यंत सगळे सांगतात. किंवा वीस हिरवी बोंडं तोडून फोडून पाहायची, दोनात अळी निघाली तर सावध व्हायचं. सरासरी, टक्केवारी, आलेख, सातवीच्या गणितातलं सगळं यात आलं, आणि परीक्षकानं उलट प्रश्न विचारला तर पोर अडखळणार नाही. कारण ते त्याच्या घरातलं आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारताना तोंडाला काय बांधायचं, वाऱ्याच्या कोणत्या बाजूनं चालायचं, रिकाम्या डब्याचं काय करायचं, एवढा एक तक्ता सातवीतल्या पोरीनं करून आपल्या बापासमोर वाचला तरी त्या प्रदर्शनाचं चीज झालं. थर्माकोलचं म्हणाल तर 2018 मध्ये राज्यानं थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आणली. तरी दर डिसेंबरात माझ्याकडे त्याच्या शीट मागायला येतात, आणि वर 'मिसनं सांगितलं' म्हणतात. मी ठेवत नाही. दुसरीकडे मिळतात, हेही मला माहीत आहे.

आता वेळेचं. गावाच्या मधल्या आळीत राहणाऱ्या मुलांना गॅदरिंगचा सराव साडेपाचपर्यंत चालला काय आणि सहापर्यंत चालला काय, काही फरक पडत नाही. माझी मुलगी रस्ता ओलांडला की घरात. पण वर्गातली कितीतरी मुलं बाहेरगावची आहेत. कुणी एस.टी.च्या पासवर येतात, कुणी ऑटोत कोंबून येतात, काही मुली निळ्या बसनं येतात. डिसेंबरात पावणेसहाच्या आत-बाहेर दिवस मावळतो. सराव पंधरा मिनिटं लांबला की बस जाते. मग ती पोरं माझ्या दुकानासमोरच्या ओट्यावर बसतात आणि माझ्या मोबाईलवरून घरी फोन लावतात. बाप शेतातून मोटरसायकल घेऊन येतो, पोराला मागे बसवतो, पुन्हा अंधारात तोच रस्ता. रानडुकरं ऐन रस्त्यात आडवी येतात हा काही सांगायचा विषय नाही, आमच्याकडे सगळ्यांना तो अनुभव आहे.

आणि घरी गेल्यावर काय? सिस्टर, आपण केरळकडच्या किंवा छोटा नागपूरकडच्या असाल, इथला हंगाम आपल्याला इतक्या वर्षांत ठाऊक झालाच असेल. तरी लिहितो. डिसेंबर म्हणजे कापसाचा दुसरा वेचा. मजूर मिळत नाहीत, म्हणून रविवारी घरची सगळी माणसं शेतात, त्यात सातवीतलं पोर आलंच. तूर शेंगांनी लदलेली असते, तिला डुकरांपासून, रोह्यांपासून म्हणजे नीलगायींपासून राखायला जागलीवर जावं लागतं. हरभऱ्याला ओलित करायचं तर विजेची लाईन एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या आठवड्यात बाप स्प्रिंकलरचे पाइप बदलतो आणि पोरगा टॉर्च धरतो. पोरानं हे करावं की नाही यावर भाषण द्यायला सोपं आहे. घरात तिसरा माणूस नसेल तर टॉर्च कोण धरणार? असं पोर सकाळी प्रार्थनेला डोळे मिटून उभं राहतं ते भक्तीनं मिटलेले नसतात.

अशा पोराला आपण संध्याकाळी साडेपाचपर्यंत सिनेमाच्या गाण्यावर नाचवतो, रात्री त्याच्याकडून फाईल भरून घेतो आणि सोमवारी टेस्ट ठेवतो. केंद्र सरकारच्या 2020 च्या स्कूल बॅग धोरणात सहावी ते आठवीसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास गृहपाठ म्हटलेला आहे. शिक्षण हक्क कायद्यात याच वर्गांना वर्षाला 220 दिवस आणि 1000 तास अध्यापन लिहिलं आहे. अल्पसंख्याक संस्थांना तो कायदा लागू नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा निकाल आहे, तेव्हा कायद्याचा धाक दाखवायला मी हे लिहीत नाही. पण तास कुठे जातात हे पाहायला तो आकडा कामाचा आहे. मागच्या डिसेंबरात सातवीचा भूगोल किती वेळा शिकवला गेला, हे एकदा लॉगबुकात पाहावं. मुलांच्या वह्या माझ्याकडे झेरॉक्सला येतात, राहिलेलं उतरवून घ्यायला. त्यातून मला जे दिसलं ते काही बरं नव्हतं.

त्यात शिष्यवृत्तीची परीक्षा. ती 2016-17 पासून पाचवी-आठवीला गेली होती, आता पुन्हा चौथी-सातवीला आणायचं 2025 मध्ये ठरलं. म्हणजे सातवीच्या पाटीवर आणखी एक ओझं चढलं आणि खाली काहीच उतरलं नाही.

आता जे सांगायचं आहे ते थोडं धाडसाचं आहे. मी ख्रिस्ती नाही, तेव्हा चुकीचं वाटलं तर सोडून द्यावं. माझा थोरला सातवीत असताना सिस्टरांनी प्रार्थनासभेत आगमनकाळाविषयी सांगितलं होतं, ते त्यानं घरी येऊन आम्हाला सांगितलं. नाताळच्या आधीचे चार रविवार, चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त पेटवायची, तिसरी गुलाबी. हा वाट पाहण्याचा काळ, थोडं गप्प राहण्याचा काळ, मन तयार करण्याचा काळ. मला ते फार आवडलं. आमच्याकडे मार्गशीर्षातले गुरुवारही असेच शांत असतात. पण मग प्रश्न पडतो, की ज्या शाळेचा धर्म या चार आठवड्यांत थांबा म्हणतो, त्याच शाळेत या चार आठवड्यांत सगळ्यात जास्त पळापळ का? मेणबत्ती पेटवायला ज्या पोरीला पुढे बोलावता, तिच्या दुसऱ्या हातात मार्च पास्टचा झेंडा असतो.

माझं म्हणणं नाताळ कमी करा असं अजिबात नाही. उलट, डिसेंबरात नाताळच ठेवा आणि बाकीचं बाजूला सारा. स्पोर्ट्स डे जानेवारीत घ्या, आमच्याकडे जानेवारीचं ऊन कोवळं असतं. गॅदरिंग संक्रांतीनंतर घ्या. तोपर्यंत कापूस बराचसा घरात आलेला असतो, लोकांच्या हातात चार पैसे असतात आणि मायबाप प्रत्यक्ष येऊन बसू शकतात. डिसेंबरच्या गॅदरिंगला मागच्या खुर्च्या रिकाम्या का असतात याचं उत्तर शेतात आहे. सराव करायचा तर शाळेच्या वेळेतच करायचा, घंटा झाली की फाटक उघडायचं. आणि टेस्ट गॅदरिंगच्या लगोलग नको, एवढं तरी मान्य व्हायला हरकत नसावी.

गव्हाणीविषयी मात्र मला मनापासून सांगायचं आहे. थोरल्याच्या वर्षी गव्हाणी थर्माकोलची होती. बर्फ कापसाचा केला होता, आणि तो कापूस मेडिकलमधून बंडल विकत आणला होता. कापसाच्या मुलखात! मला तेव्हाही नवल वाटलं होतं. पहिली गव्हाणी, असं सांगतात, असिसीच्या संत फ्रान्सिसनं 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो नावाच्या खेड्यात मांडली. त्यानं खरा बैल आणला, खरं गाढव आणलं, खरं गवत घातलं. आसपासची साधी शेतकरी माणसं मशाली घेऊन पाहायला आली. हे वाचल्यापासून वाटतं, की ते काम आमच्या सातवीइतकं चांगलं कोण करेल?

सोयाबीन काढून झालेलं असतं, त्याचं कुटार म्हणजे भुसा घरोघरी पडलेला असतो. मागच्या सालच्या तुराट्या गोठ्यामागे रचलेल्या असतात, त्यांच्या भिंती होतील. वर पऱ्हाट्या टाकता येतील. बुरडाच्या घरचं एक पोर वर्गात आहे, ताऱ्याच्या कंदिलासाठी कमच्या सोलायला त्याच्या हाताशी कुणी पोचणार नाही. गोऱ्हा आणायला तर भांडणं लागतील, कारण प्रत्येकालाच आपल्या घरचा आणायचा असेल. ज्या पोराला इंग्रजीत एक वाक्य बोलायला घाम फुटतो, तो गोऱ्ह्याला कसं उभं करायचं, कुटार किती टाकायचं, म्हणजे तो शांत राहील, हे सगळ्या वर्गाला सांगेल. त्या दिवशी तो पुढे असेल. आमच्या पोरांना इंग्रजी यावं म्हणूनच आम्ही या शाळेत घातलं, हे खरं. पण त्याला येतं ते शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून आत यावं लागू नये, एवढं वर्षातून एकदा तरी घडावं. दोन दिवस, सातवीची सगळी पोरं, एक गव्हाणी. तेवढाच तेव्हा त्यांचा प्रोजेक्ट. फाईल नको.

थोडं पालक-शिक्षक संघालाही. सगळा दोष सिस्टरांवर ढकलून आपण मोकळे होतो, ते बरोबर नाही. गॅदरिंग मोठं पाहिजे, डीजे पाहिजे, स्टेजवर धूर पाहिजे, हे मागच्या सभेत कोण म्हणालं होतं? आपणच. अमरावतीहून भाड्यानं ड्रेस आणायची टूम कुणाची? पलीकडच्या शाळेनं आणले म्हणून आपली. ज्याच्याकडे भाड्याला पैसे नाहीत तो पोरगा ऐनवेळी 'पोट दुखते' म्हणतो, आणि आपण व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आपापल्या लेकरांचे फोटो टाकत बसतो. शाळेच्या गणवेशात नाच होत नाही असं कुठे लिहिलं आहे? मला तर प्रमुख पाहुण्यांचं भाषणही नको आहे, पण ते माझं वैयक्तिक मत समजावं.

हॉलिडे होमवर्कबद्दल एकच वाक्य: या वर्षी देऊ नका. नाताळच्या सुट्टीत ख्रिस्ती घरांत नाताळ असतो आणि बाकीच्या घरांत कापूस.

आणि डिसेंबरची एकच तारखांची चिठ्ठी नोव्हेंबर संपण्याआधी निघावी. सगळ्या सर-मिसनी एका टेबलावर बसून, सातवीच्या एका पोराची डायरी समोर ठेवून ती बनवावी. कोणत्या दिवशी काय आणायचं, सराव कधी सुटणार, टेस्ट कोणती, सगळं एका कागदावर, आणि मराठीतही. इंग्रजी सूचना घेऊन ज्या माउल्या माझ्याकडे 'दादा, काय लिहिलं हो यात' विचारायला येतात, त्यांचा हेलपाटा तरी वाचेल. त्या चिठ्ठीत जो दिवस एकदा भरला, त्यात नंतर कुणी दुसरं काही कोंबायचं नाही, मग ते काम वरच्या ऑफिसातून येवो की पंचायत समितीतून.

हे सगळं बोलायला पालकसभा घ्यावी, अशी विनंती आहे. मात्र ती दुपारी तीनला ठेवू नये. दुपारी तीनला फक्त आम्ही दुकानदार आणि नोकरीवाले येतो, आणि मग आमचंच मत शाळेचं मत होऊन बसतं. दव वाळल्याशिवाय कापसाला हात लावत नाहीत, ओला कापूस व्यापारी पाडून मागतो. तेव्हा सकाळी साडेसातला सभा घेतली आणि साडेआठच्या आत सोडली, तर वेचणीवरच्या बायाही येऊ शकतील. सूचनेच्या प्रती मी माझ्याकडून काढून देतो, पैसे नकोत. गावोगावच्या ऑटोवाल्यांच्या हाती त्या एका दिवसात पोचतील. फक्त तारीख दोन दिवस आधी कळवा.

आपला नम्र,
सातवीतल्या एका मुलीचा बाप आणि फाटकासमोरचा झेरॉक्सवाला